आठ महिने उभी राहणारी विजेची मोटार आणि तिच्या दोन बॅटऱ्या

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही विजेवर चालणारी मोटार घेतली. आता कामासाठी मला आठ महिने परगावी राहावे लागणार आहे आणि तेवढा काळ गाडी बंद गॅरेजमध्ये उभी राहील. गॅरेजमध्ये साधे सॉकेट आहे. किल्ली शेजाऱ्यांकडे असेल, पण त्यांना गाडी चालवता येत नाही. एक जण सांगतो, की बॅटरी शंभर टक्के भरून ठेवा. दुसरा म्हणतो, की पूर्ण उतरवून ठेवली तर ती ‘ताजी’ राहते. तिसऱ्याच्या मते प्लग लावूनच जावे. बॉनेटखालची छोटी बॅटरी सोडवून ठेवावी का? शेजाऱ्यांनी दर आठवड्याला गाडी सुरू करावी का? आणि मी मोबाइलवरून रोज चार्ज पाहत राहिलो, तर चालेल ना?
— एक वाचक

उत्तर : आपल्याला मिळालेल्या तीन सल्ल्यांपैकी पहिले दोन टाळावेत आणि तिसरा काही अटींवर स्वीकारता येईल. पण तपशिलात शिरण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे तिच्यावर अवलंबून आहेत. आपल्या गाडीत एक नव्हे, दोन बॅटऱ्या आहेत आणि त्यांच्या गरजा एकमेकींच्या अगदी उलट आहेत. चाके फिरवणारी मोठी लिथियम-आयन बॅटरी अर्धपोटी ठेवली तर सुखाने राहते. दिवे, दारांची कुलुपे, गाडीतले संगणक आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर चालवणारी बारा व्होल्टची छोटी बॅटरी बहुतेक गाड्यांत लेड-ॲसिड प्रकारची असते आणि ती मात्र भरल्या पोटीच टिकते. दोघींना एकच नियम लावला, की एकीचे नुकसान ठरलेले. मोठी बॅटरी महाग असल्यामुळे सगळी चिंता तिचीच केली जाते. पण दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीचे दार परतलेल्या मालकासाठी उघडतच नाही, तेव्हा दोष बहुतेक वेळा छोटीचा असतो.

मोठी बॅटरी पूर्ण भरून का ठेवू नये, ते आधी पाहू. लिथियम-आयन सेल, म्हणजे मोठी बॅटरी ज्यांची बनते तो एकेक छोटा घट, वापरात नसतानाही झिजत असतो. त्याच्या ग्रॅफाइटच्या ऋणाग्रावर (ऋण टोकावर) इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे सेलमधल्या द्रवाच्या, विघटनातून तयार झालेला एक पातळ थर असतो. हा थर सेलच्या कामासाठी आवश्यकच आहे, परंतु काळ जाईल तसा तो जाड होत राहतो आणि जाड होताना थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून टाकतो. सेल जितका अधिक भरलेला, तितका या क्रियेचा वेग अधिक. शिवाय निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारचा सेल पूर्ण भरला, की त्याचे व्होल्टेज ४.२ च्या आसपास पोहोचते आणि तेवढ्या व्होल्टेजला धनाग्राच्या बाजूनेही इलेक्ट्रोलाइटवर ताण येऊ लागतो. लांबच्या प्रवासासाठी रात्री गाडी पूर्ण चार्ज करून सकाळी निघालो, तर ही अवस्था काही तासच टिकते आणि तिची फिकीर करण्याचे कारण नसते. तीच अवस्था आठ महिने राहू देणे ही निराळी गोष्ट आहे.

किती निराळी, याचा अंदाज यावा म्हणून काही आकडे देतो. कॅडेक्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीच्या ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या माहितीसंग्रहातला एक तक्ता या विषयात वारंवार दिला जातो. त्यानुसार २५ अंश सेल्सिअस तापमानात वर्षभर ठेवलेला लिथियम-आयन सेल ४० टक्के भरलेला असेल, तर त्याची सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. पूर्ण भरलेला असेल, तर सुमारे ८० टक्के. तापमान ४० अंश असेल, तर हेच आकडे ८५ आणि ६५ वर येतात. हे आकडे प्रामुख्याने लहान उपकरणांतल्या सेलचे आहेत. मोटारींचे उत्पादक वरच्या आणि खालच्या टोकाला थोडी क्षमता राखून ठेवतात, त्यामुळे आपल्या गाडीचे इतके नुकसान होईल असे समजू नये. दिशा मात्र तीच राहते आणि चार्ज व उष्णता एकत्र आल्या तर काय होते, ते या तक्त्यातून नीट दिसते.

याच्या उलट टोकाला जाऊन अमुकच टक्क्यावर चार्ज थांबला पाहिजे, असा हट्टही धरू नये. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की ही झीज चार्जच्या प्रत्येक टक्क्यागणिक वाढत जात नाही. वीस-तीस टक्क्यांच्या पट्ट्यात ती जवळपास सारखीच राहते आणि ग्रॅफाइट निम्म्याहून अधिक भरले, की वरच्या पायरीवर जाते. म्हणजे ४८ टक्के आणि ५३ टक्के यांत फरक शोधण्यात अर्थ नाही. ५० आणि ९० यांत तो नक्कीच आहे.

पूर्ण उतरवून ठेवण्याचा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातून आलेला आहे. त्या बॅटऱ्यांना अधूनमधून पूर्ण उतरवण्याचा उपयोग होत असे. लिथियम-आयनला तो होत नाही, उलट धोका होतो. पडद्यावर शून्य दिसते, तेव्हा सेल खरोखर रिकामे नसतात, थोडी शिल्लक राखलेली असते. पण उभी गाडीही वीज खात असते आणि आठ महिन्यांत ती शिल्लक संपू शकते. सेलचे व्होल्टेज दोनच्याही बरेच खाली गेले, की ऋणाग्राखालचा तांब्याचा पत्रा इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळू लागतो. पुढे चार्ज करताना ते तांबे सेलमध्ये भलत्याच जागी साचते आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका निर्माण होतो. म्हणूनच अशी बॅटरी चार्ज करून घेण्यास बॅटरी व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे बीएमएस, नकार देते आणि तो नकार योग्यच असतो. निसान लीफ या विजेच्या मोटारीच्या पुस्तिकेत चार्ज शून्यावर किंवा शून्याजवळ असताना गाडी १४ दिवसांहून अधिक काळ सोडू नये, असे स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्या गाडीच्या वॉरंटीतही अशा निष्काळजीपणासंबंधी एखादे कलम असण्याची शक्यता मोठी आहे. निघण्यापूर्वी ते वाचून घ्यावे.

तेव्हा मोठी बॅटरी ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवून जावे. आपल्या गाडीची पुस्तिका वेगळा आकडा सांगत असेल, तर तो पाळावा. आदल्या दिवशी ९० पर्यंत चार्ज करून घाईने निघण्याऐवजी शेवटच्या आठवड्यातल्या फेऱ्यांमध्येच बॅटरी साठीपर्यंत उतरू द्यावी. केवळ झिजेचा विचार केला, तर ३० टक्केही चालतील. किंबहुना नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या विमानाने पाठवायच्या असतील, तर त्यांचा चार्ज ३० टक्क्यांहून अधिक नसावा, असा नियम १ एप्रिल २०१६ पासून लागू आहे; त्यामागचा हेतू आगीचा धोका कमी करण्याचा आहे. परंतु खोक्यातल्या बॅटरीवर कोणतेही उपकरण वीज खात बसलेले नसते आणि आपल्या बॅटरीवर अख्खी गाडी बसलेली आहे, म्हणून वीस-तीस टक्क्यांची जादा शिरशिल्लक हवी.

आपली बॅटरी लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची असेल, तर पुस्तिकेत ‘नियमितपणे शंभर टक्के चार्ज करा’ अशी सूचना असण्याचा संभव आहे आणि तिने गोंधळ होऊ शकतो. या प्रकारच्या सेलचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट राहते. त्यामुळे बॅटरी किती भरली आहे, हे बीएमएसला केवळ व्होल्टेजवरून ओळखता येत नाही आणि मोजमाप जुळवण्यासाठी तिला अधूनमधून वरचे टोक गाठावे लागते. ती सूचना रोजच्या वापरासाठी आहे. गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असेल, तेव्हा ही बॅटरीही अर्ध्यावरच ठेवावी आणि परतल्यावर पूर्ण भरावी.

जागेबद्दल थोडक्यात सांगतो. तापमान दहा अंशांनी वाढले, की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम इथेही उपयोगी आहे. पत्र्याच्या छपराखाली तापणाऱ्या शेडपेक्षा भिंतींच्या सावलीतली थंड जागा केव्हाही चांगली. लीफच्याच पुस्तिकेत गाडी ४९ अंशांहून अधिक तापमानात २४ तासांपेक्षा जास्त आणि उणे २५ अंशांखाली सात दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, अशा मर्यादा दिलेल्या आहेत. साधी थंडी साठवणुकीला मानवते. अडचण थंडीत चार्ज करण्याची असते, कारण शून्य अंशाखाली चार्ज करताना लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागते. आधुनिक गाड्या अशा वेळी बॅटरी आधी गरम करून घेतात किंवा चार्जिंगचा वेग कमी करतात. गॅरेज तळघरात असून तिथे पाणी शिरत असेल, तर मात्र दुसरी जागा पाहावी. २०२२ मध्ये फ्लोरिडात आलेल्या इयान चक्रीवादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही विद्युत मोटारींनी पाणी ओसरल्यावर पेट घेतला होता.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने खरी मेख तिथे आहे. लिथियम-आयन सेल आपणहून फार कमी उतरतो, महिन्याला एक ते तीन टक्के. बॅटरी त्याहून वेगाने उतरत असेल, तर गाडीतले काहीतरी जागे आहे, असे समजावे. झोपलेली गाडी नगण्य वीज घेते. तीच गाडी जागी झाली, की तिचे संगणक, मोबाइल नेटवर्कशी बोलणारे यंत्र आणि काही वेळा शीतकाचा पंप मिळून काही गाड्यांत शेदोनशे वॅट खर्च करतात. २०० वॅट हा आकडा लहान वाटतो, पण गाडी चोवीस तास जागी राहिली, तर दिवसाला ४.८ किलोवॅट-तास, म्हणजे विजेच्या बिलातले जवळपास पाच युनिट खर्ची पडतात आणि ६० युनिटांच्या बॅटरीतून रोज आठ टक्के निघून जातात. आपण मोबाइलवर ॲप उघडून चार्ज पाहता, तेव्हा पुष्कळ गाड्या उत्तर देण्यासाठी जाग्या होतात आणि लगेच झोपत नाहीत. रोज एकदा पाहिले म्हणून बॅटरी रिकामी होणार नाही, परंतु दिवसातून पाच-सहा वेळा पाहण्याची सवय असेल, तर आपली काळजीच बॅटरी उतरवील. पंधरा दिवसांतून एकदा पाहणे पुरेसे आहे. गाडीची माहिती सतत खेचून घेणारे एखादे तिसऱ्याच कंपनीचे ॲप जोडलेले असेल, तर ते काढून टाकावे.

निघण्यापूर्वी आणखी काही गोष्टी बंद करायच्या आहेत : आजूबाजूला पाळत ठेवणारे कॅमेरे, केबिन तापू नये म्हणून आपोआप चालणारा एसी, ठरावीक वेळी गाडी थंड किंवा गरम करण्याचे वेळापत्रक, आणि डॅशकॅम कायमस्वरूपी जोडलेला असेल तर तोही. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतले दोष तपासण्यासाठीच्या जोडणीत) खोचलेले छोटे उपकरण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, तेही काढावे. बिनचावीची म्हणजे जवळ नेताच कुलूप उघडणारी किल्ली गॅरेजच्या भिंतीवर टांगू नये. किल्ली जवळ असली, की काही गाड्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात.

एवढे केल्यावर मी आपल्याला एक चाचणी करायला सांगेन आणि या उत्तरातल्या इतर सर्व सूचनांपेक्षा ती मला महत्त्वाची वाटते. प्रत्यक्ष निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी गाडी याच अवस्थेत, याच जागी, प्लग न लावता आठवडाभर उभी करावी. चार्जचा आकडा लिहून ठेवावा, ॲप उघडू नये, दार उघडू नये आणि आठव्या दिवशी आकडा पुन्हा पाहावा. टेस्लाच्या पुस्तिकेत उभ्या गाडीचा चार्ज दिवसाला सुमारे एक टक्का उतरू शकतो, असे म्हटले आहे. काही साध्या मॉडेलांत आठवड्याभरात आकडा हलतही नाही. आठ महिने म्हणजे सुमारे ३५ आठवडे. आठवड्याला एक टक्का गेला, तर ६० वरून निघालेली बॅटरी आपण परताल तेव्हा २५ वर असेल आणि काही बिघडणार नाही. दिवसाला एक टक्का जात असेल, तर ती दोन महिन्यांतच तळ गाठील, म्हणजे मध्ये चार्ज करण्याची किंवा प्लग लावून ठेवण्याची व्यवस्था करावीच लागेल. इतरांच्या अनुभवावरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही, कारण दोन मॉडेलांच्या भुकेत दहापटींचाही फरक असू शकतो.

यावरूनच प्लगचा प्रश्न सुटतो. चार्जची कमाल मर्यादा ५० किंवा ६० टक्क्यांवर ठरवता येत असेल आणि भिंतीवर बसवलेला, स्वतंत्र तारेचा, व्यवस्थित अर्थिंग व गळतीरोधक स्विच असलेला चार्जर असेल, तर प्लग लावून जाणे सोयीचे आहे. टेस्लासारखे काही उत्पादक तसेच सुचवतात. आपल्याकडे मात्र साधे सॉकेट आहे. अशा सॉकेटमधून गाडी चार्ज करताना तासन्‌तास मोठा विद्युतप्रवाह वाहतो. सॉकेटची पकड सैल असेल, तर ते तापते आणि रिकाम्या घरात तो जळका वास घ्यायला कोणी नसते. त्यात एक्स्टेन्शन बोर्ड असेल, तर विषयच संपला. म्हणून चाचणीत गाडी कमी भुकेची ठरली, तर प्लग काढून जावे, असे मी म्हणेन. ती जास्त भुकेची ठरली, तर शेजाऱ्यांना महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी आणि ते घरी असताना, चार्जिंगची केबल लावायला सांगावे. मर्यादा ६० वर ठेवलेली असल्याने गाडी आपणच थांबेल. वरचेवर वीज जाते-येते किंवा व्होल्टेज उसळते अशा ठिकाणी तर हाच मार्ग बरा. प्लग कायम लावून ठेवण्याचे ठरवलेच, तर वरची चाचणी प्लग लावूनही एकदा करावी, कारण चार्ज पूर्ण झाल्यावरही केबल जोडलेली राहिली, की काही मॉडेले अर्धवट जागी राहतात आणि छोटी बॅटरी उतरवतात.

छोट्या बॅटरीकडे मी मुद्दाम शेवटी वळलो आहे, कारण तिला जास्त जागा द्यायची होती. ती उतरली, तर मोठीत ६० टक्के चार्ज असूनही गाडी सुरू होत नाही आणि चार्जही होत नाही, कारण मोठी बॅटरी जोडणारे कॉन्टॅक्टर बारा व्होल्टवर चालतात. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत राहिली, की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि नंतर कितीही चार्ज केली तरी गेलेली क्षमता पूर्णपणे परत येत नाही. कडक थंडीत तर उतरलेली बॅटरी गोठून फुटू शकते. अनेक गाड्यांत छोटीचे व्होल्टेज खाली गेले, की गाडी थोडा वेळ जागी होऊन मोठीतून तिला भरते. काही गाड्यांत हे फक्त गाडी सुरू असताना किंवा चार्ज होत असताना घडते. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, ते पुस्तिकेत पाहावे, नाहीतर सेवा केंद्राला विचारावे. उत्तर ‘आपोआप भरते’ असे असेल आणि चाचणीही नीट पार पडली असेल, तर छोटीला हात लावण्याची गरज नाही.

चाचणीच्या शेवटी मल्टिमीटरने तिचे व्होल्टेज मोजावे. मात्र इथे एक फसगत होते. आपण दार किंवा बॉनेट उघडताच गाडी जागी होते आणि मोठ्या बॅटरीतून छोटीला पुरवठा सुरू करते. त्या क्षणी मीटरवर साडेतेरा-चौदा व्होल्ट दिसतात आणि बॅटरी ठणठणीत असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात तो आकडा पुरवठ्याचा असतो, बॅटरीचा नसतो. म्हणून बॉनेट उघडे ठेवून गाडीला कुलूप लावावे, किल्ली घरात नेऊन ठेवावी, दोनेक तास थांबावे आणि मग मीटरची लाल टोकणी धन टर्मिनलला व काळी ऋण टर्मिनलला टेकवावी. १२.६ किंवा त्याहून अधिक म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि बाराच्या खाली म्हणजे ताबडतोब चार्ज करण्याजोगी. बॅटरी चार-पाच वर्षे जुनी असून आकडा टिकत नसेल, तर तिच्याकडून आठ महिन्यांची अपेक्षा करू नये.

गाडी छोटीला आपोआप भरत नसेल, तर दोन मार्ग उरतात. माझी पहिली पसंती बारा व्होल्टच्या देखभाल चार्जरला आहे. हा लहानसा चार्जर बॅटरी भरली, की पुरवठा अगदी कमी करतो आणि पुढे गरजेपुरतीच वीज देत राहतो. त्याचा भार इतका कमी असतो, की आपल्या साध्या सॉकेटलाही तो जड नाही. जुन्या पद्धतीचा, आपणहून न थांबणारा चार्जर मात्र महिनोन्‌महिने लावू नये. त्याने बॅटरीतले पाणी आटते, हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि बंद गॅरेजमध्ये तो साचणे धोक्याचे आहे. आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी. काही नव्या गाड्यांत बारा व्होल्टच्या जागी लिथियमची छोटी बॅटरी असते. तिला लेड-ॲसिडचा चार्जर कधीही लावू नये.

दुसरा मार्ग म्हणजे छोटी बॅटरी सोडवून ठेवणे. पुस्तिकेची परवानगी असेल, तरच हे करावे. गाडी पूर्ण बंद करून, चार्जिंगची केबल काढून आणि गाडी झोपेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे थांबून मग आधी ऋण टर्मिनल सैल करावे. बहुधा दहा नंबरचा पाना लागतो. सुटलेले टोक बॅटरीपासून दूर वळवून त्यावर कापड किंवा चिकटपट्टी गुंडाळावी. बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या ज्या जाड तारा दिसतात, त्या उच्च दाबाच्या असतात. त्यांना पान्यानेसुद्धा स्पर्श करू नये. मोठी बॅटरी या अवस्थेत केवळ स्वतःच्या नैसर्गिक गतीने उतरते, हा या मार्गाचा फायदा. तोटे असे, की कुलपे, चोरघंटी आणि ॲप सगळे बंद पडते, मोठी बॅटरी चार्ज करता येत नाही आणि दारे किंवा बॉनेट विजेवर उघडणारे असेल, तर आपण बाहेर आणि बॅटरी आत अशी अवस्था होते. बॉनेट हाताने उघडण्याची दोरी किंवा किल्लीच्या आत दडवलेली धातूची चावी कुठे आहे, हे आधी वापरून पाहावे. सोडवलेली लेड-ॲसिड बॅटरीही महिन्याला तीन ते पाच टक्के उतरतेच, म्हणजे आठ महिन्यांत पाव ते दोन-पंचमांश चार्ज गेला, असे धरून चालावे. मध्ये एकदा ती भरून घेतली, तर बरे.

शेजाऱ्यांनी दर आठवड्याला गाडी सुरू करावी का, या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. ही सवय पेट्रोलच्या गाड्यांची. विजेच्या गाडीला आठवड्याच्या पाच मिनिटांनी काही मिळत नाही. त्यातून शेजाऱ्यांना गाडी चालवता येत नाही आणि सुरू असलेली विजेची मोटार आवाज करत नसल्याने ती सुरू आहे की बंद, हे सवय नसलेल्या माणसाला कळत नाही. चुकून गिअर पडला, तर ती सरळ भिंतीवर जाईल. मोठी बॅटरी चार्ज होत असताना बहुतेक गाड्यांत छोटीही भरली जाते, म्हणून शेजाऱ्यांनी केबल लावण्यापलीकडे काही करू नये. उंदरांनी तारा कुरतडल्याच्या खुणा आणि गाडीखाली ओल दिसते का, एवढे मात्र महिन्याकाठी वाकून पाहावे. टायरमध्ये जाण्यापूर्वी पुस्तिकेतल्या कमाल मर्यादेपर्यंत हवा भरावी.

परतल्यावर घाई करू नये. आधी छोट्या बॅटरीचे व्होल्टेज पाहावे आणि ते कमी असेल, तर गाडी सुरू करण्यापूर्वी तिला चार्ज करून घ्यावे, कारण अर्धमेल्या बारा व्होल्टवर सुरू केलेली गाडी पडद्यावर असंबद्ध इशाऱ्यांची रांग लावते आणि माणूस उगाच घाबरतो. ब्रेकच्या तबकड्यांवर गंज आलेला असेल. पहिल्या काही किलोमीटरांत हलक्या हाताने ब्रेक वापरला, की तो निघून जातो. पहिला चार्ज जलद चार्जरवर न करता घरच्या संथ चार्जरवर करावा, या वेळी तो शंभर टक्क्यांपर्यंत जाऊ द्यावा आणि त्यानंतरही केबल तासभर जोडलेली ठेवावी. अनेक गाड्यांत सेलांची आपसांतली पातळी याच टोकाला जुळवली जाते. मग लवकरच गाडी बाहेर काढावी. पहिल्या दिवशी पडद्यावरचे किलोमीटर पूर्वीपेक्षा कमी दिसले, तरी लगेच निष्कर्ष काढू नये, कारण दीर्घ विश्रांतीनंतर बीएमएसचा अंदाज काही टक्के चुकतो आणि दोन-तीन पूर्ण चार्ज व नेहमीचे प्रवास झाले, की तो ताळ्यावर येतो. त्यानंतरही तूट कायम राहिली, तर गाडी सेवा केंद्रात दाखवावी आणि निघताना व परतताना लिहून ठेवलेले चार्जचे टक्के, अंदाजे किलोमीटर आणि छोट्या बॅटरीचे व्होल्टेज सोबत न्यावे. या आकड्यांवरून त्यांना दोष कोणत्या बॅटरीत आहे, ते पटकन शोधता येते.